मामाची पोरगी आणि भैरोबाचा वळू

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. घरात रद्दी साठते तसे ते साठत जातात. कुणी तरी दारात येतो, काही तरी बोलून जातो, आपण ओशाळून आत पळतो, आणि पुढे कधी तरी तेच चार बायकांत सांगताना हसू आवरत नाही. माझ्याकडे जरा जास्तच साठलेत, कारण माझं लग्न गुरांच्या डॉक्टरशी झालं. माणसांच्या डॉक्टरची बायको रुबाबात असते. गुरांच्या डॉक्टरची बायको निम्मा वेळ पदराआड असते.

हे सगळे किस्से माण तालुक्यातल्या एका गावातले. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती आणि यांची तिथल्या गुरांच्या दवाखान्यात बदली झाली होती. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत आमचा संसार, आणि मधल्या भिंतीत एक झरोका. पुढे बोललेलं सगळं मागे ऐकू यायचं. भाकरी थापता थापता मी जेवढं ऐकलं, तेवढं यांनी मुंबईच्या कॉलेजातसुद्धा ऐकलं नसेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. हे म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. मी त्यांच्या मामाची मुलगी. आत्या दिली होती तासगावकडे, आमचं घर वाईकडचं. आमच्यात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्कच असतो. माझी आईसुद्धा माझ्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, मामाचीच मुलगी. आणि आजी ही आजोबांच्या मामाची. तीन पिढ्या आम्ही घरातल्या घरात फिरलो, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

* * *

नवीन लग्न. गावात जाऊन आठवडाही झाला नव्हता. आम्ही जेवायला बसलेलो, मी यांच्या ताटात कालवण वाढतेय, आणि दारात एक उंच, पांढऱ्या मिशांचा गडी उभा राहिला.

"बाईसायेब, डॉक्टर हायत का? गाय माजावर आलीया."

मी वाईची शिकलेली मुलगी. असलं काही परक्या पुरुषाने तोंडावर बोलायची सवय नव्हती. मी काय करावं? दार लावून घेतलं.

बाहेरून तो म्हणाला, "आवं, दार लावून काय हुतंय? गायीला कळतंय का?"

हे ताटावरून उठले ते हसतच. पुढे सवय झाली, पण पूर्ण कधीच नाही. एसटी स्टँडवर बायकांत उभी असले की कुणी तरी लांबूनच ओरडायचा, "डॉक्टरीणबाई, मालकास्नी सांगा, परवा भरलेली गाय उलटली!" गाय उलटली म्हणजे गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. सगळं स्टँड माझ्याकडे बघायचं. गाय त्याची, उलटली ती, आणि मान खाली माझी.

तो पांढऱ्या मिशांचा गडी म्हणजे गणपतआबा. त्यांना विसरू नका. बहुतेक सगळ्या किस्स्यांत ते आहेतच.

* * *

गणपतआबांकडे गावच्या वळूची देखभाल होती. वळूचं नाव राजा. भैरोबाला सोडलेला. म्हणजे त्याला कुणी बांधायचं नाही, मारायचं नाही, विकायचं नाही. कुणाच्याही रानात शिरावं, काहीही खावं. दुष्काळात गावातली बहुतेक जनावरं गेली. काही छावणीत मेली, काही मिळेल त्याला देऊन टाकली. राजा तेवढा राहिला, कारण तो देवाचा. लोकांनी स्वतः अर्धपोटी राहून त्याला जगवला.

इथपर्यंत सगळं चांगलंच. पण पुढे गावात जी कालवड झाली ती राजाची. ती मोठी झाली, माजावर आली, तर तिच्यासाठीही राजाच. आणि तिच्या पोरीसाठीही राजाच. वासराचा बाप आणि आजा एकच. हे पहिल्यांदा यांच्या ध्यानात आलं तेव्हा हे जेवले नाहीत.

यांचं म्हणणं, बाहेरच्या वळूचं घ्या. ते साताऱ्याहून एसटीने थर्मासमधून यायचं. आत बर्फ, बर्फात बारीक काचेच्या नळ्या, आणि नळ्यांत चांगल्या जातिवंत वळूचं... तो शब्द आजही माझ्या तोंडून पटकन येत नाही. तुम्हाला कळलं.

एकदा आत्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासू असल्या तरी माझ्या त्या आत्याच. सकाळच्या गाडीने आलेला थर्मास हे घाईत मागच्या खोलीत ठेवून एका अडलेल्या म्हशीकडे गेले. आत्यांनी तो उघडला, आत वितळलेलं बर्फाचं पाणी आणि नळ्या बघितल्या, आणि म्हणाल्या, "केवढी घाण ठिवतोय ह्यो पोरगा." नळ्या उकिरड्यावर, थर्मास राखेने लख्ख. मी भाजी आणायला गेले होते. येऊन बघते तर आत्यांनी त्यात चहा भरलेला आणि ओट्यावर गणपतआबा बसलेले.

आबा मुद्दाम सांगायला आले होते. "डॉक्टर आलं की निरोप द्या. आमच्या गावात बाटलीतलं काय चालायचं न्हाई. आमाला राजा हाय."

एवढ्यात हे आले. आबांच्या हातातली कपबशी बघितली, शेजारचा थर्मास बघितला, आईकडे बघितलं. "आई, ह्यात काय होतं?"

"मला काय ठावं? औषीद दिसत हुतं. कशाचं हुतं रं?"

हे आईला काय सांगणार? कानापर्यंत लाल झाले. मी तर चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबला.

आबांनी कप पुढे केला. "चहा बेस झालाय. आनखी घाला जरा."

* * *

आता हा माझ्या लाजेचा सगळ्यात मोठा किस्सा. म्हणजे तोपर्यंतचा.

लहानपणी माझे थोरले भाऊ यांना दादा म्हणायचे, म्हणून मीही दादाच म्हणायचे. सोयरीक ठरली त्या दिवशी आजीने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आता दादा न्हाई म्हणायचं." मी म्हटलं, मग काय म्हणू? आजी म्हणाली, "काय बी म्हणू नको." तेव्हापासून मी यांना काहीच म्हणत नसे.

एकदा दवाखान्याच्या अंगणात हे वाकून एका गायीचा खूर तपासत होते. भोवती दहाबारा माणसं. मी मागच्या बाजूला सांडगे वाळत घालत होते. बघते तर राजा मान खाली घालून, फुरफुरत, सरळ यांच्या पाठीवर चाललेला. मला काही सुचलं नाही. मी ओरडले, "आरे दादा, मागे बघ!"

यांनी कुंपणावरून उडी मारली. राजा यांच्याकडे ढुंकूनही न बघता माझ्याकडे आला, सांडगे खाल्ले आणि निघून गेला.

 आबांनी मिशीवरून हात फिरवला. "डॉक्टर, बाईसायेब कुणाला हाका मारत हुत्या? तुमचं भाऊ आल्यात का?"

मी त्या दिवशी पाण्यालासुद्धा बाहेर पडले नाही. संध्याकाळी दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या मारुती ड्रेसरची बायको घागर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मामाची लेक व्हय तुमी? मग त्यात काय लाजायचं? आमी बी तशाच." गावभर झालं. उलट लोकांना बरंच वाटलं. डॉक्टर शिकलेला असला तरी रीत सोडली नाही म्हणाले.

* * *

जत्रेच्या बैलबाजारात आमच्या गावची खोंडं एका रांगेत उभी होती. हे आबांच्या शेजारी उभे. एक लांबचा गिऱ्हाईक आला. पहिलं खोंड बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. म्हणाला, "समदी एकाच तोंडाची दिसत्यात."

आबा फुगले. "दिसनारच की. समदी राजाची."

गिऱ्हाइकाने एकाचा ओठ वर केला. खालचा जबडा आखूड, दाताला दात लागत नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यापुढे हात हलवला. खोंडाने पापणीही हलवली नाही. तिसऱ्याला त्याने हातच लावला नाही. पुढच्या गावच्या रांगेत गेला आणि तिथून जोडी घेऊन गेला. त्या बाजारात आमच्या गावचं एकही खोंड गेलं नाही. परत येताना आबा खोंडांच्या मागे मागे चालत आले, असं हे सांगायचे.

मग यांनी दवाखान्याच्या भिंतीवर खडूने चित्रं काढायला सुरुवात केली. दर सोमवारी लोक गुरं घेऊन यायचे तेव्हा भिंतीपुढे उभं राहून सांगायचे. हा बाप, ही लेक, यांची गाठ घालायची नाही. बहीण-भावाची नाही. दोन-तीन वर्षांनी वळू बदलायचा, लेकी वयात यायच्या आत. नवा वळू घेताना नुसतं रूप बघू नका, त्याच्या आईचं दूध बघा, बहिणी बघा, रोग तपासून घ्या. आणि जो गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा नाही तो वेळेत खच्ची करून घ्या, कळपात मोकळा फिरू देऊ नका.

"चांगल्या जनावरात बी एखादा दोष दडून असतो," हे समजावून सांगायचे. "एकट्याने आला तर तो दिसत नाही. पण बापाकडूनही तोच आणि आईकडूनही तोच आला, की दोन्ही एका जागी भेटतात आणि वासरात उघडे पडतात. नातं जेवढं जवळचं, तेवढी ही गाठ पडायची भीती जास्त."

मागून कुणी तरी म्हणालं, "आवं डॉक्टर, पोरीची सोयरीक करताना बी आमी येवढं बघत न्हाई."

सगळे हसले. मी झरोक्याच्या अलीकडे होते. मीही हसले. हातातलं पीठ तसंच राहिलं, ते मात्र मला आठवतं.

* * *

मारुती ड्रेसर सोमवार संपला की ती चित्रं पुसायचा आणि पुढच्या सोमवारी हे सांगतील तशी परत काढायला मदत करायचा. सगळं तोंडपाठ. लोकांना हे सांगायच्या आधी हाच सांगायचा, "बाप-लेक न्हाई, भाऊ-भन न्हाई."

मला तेव्हा दिवस गेले होते. एका दुपारी मारुती मागच्या दाराने आला. कांबळ्यात एक करडू. "वैनी, जरा कापसाच्या बोळ्यानं दूध पाजा की. ह्येला वडता येत न्हाई. सायबास्नी सांगू नका."

करडाचं तोंड वाकडं होतं. खालचा ओठ आत गेलेला. मी रोज पाजायला लागले. एवढंसं ऊन ऊन अंग मांडीवर, आणि माझ्या पोटात माझं. मला त्या करडाची माया लागली.

शेवटी एक दिवस यांनी बघितलंच. करडू हातात घेतलं, तोंड बघितलं, मारुतीला हाक मारली. "बाप कोण ह्याचा?"

मारुती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "घरचाच बोकड हाय."

"आणि ह्याची आई?"

"तिचाच बोकड त्यो. लय चांगली शेरडी हाय, सायेब, म्हनून तिचंच वान ठिवलं. दुसऱ्याचा बोकड दावनीला आनला की रोग येतोय."

म्हणजे बोकड स्वतःच्या आईला दाखवलेला. हे खालीच बसले. "अरे मारुती, दर सोमवारी ती भिंत तूच रंगवतोस ना?"

"ते लोकांसाठी हाय की, सायेब."

करडू पुढे जगलं नाही. ते गेलं तेव्हा मी खूप रडले. सगळे म्हणाले, दिवस गेलेल्या बाईचं मन हळवं असतं. मला नुसत्या करडासाठी रडू येत नव्हतं. मारुतीचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. ते लोकांसाठी होतं, आणि मागच्या खोलीत आम्ही दोघं होतो.

यांच्याही डोक्यात तेच होतं, हे मला ठाऊक होतं. हे माझ्याकडे बघायचे आणि मी बघितलं की नजर वळवायचे. विषय कुणीच काढला नाही. काढणार कसा? माझा धाकटा भाऊ वसंता. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. घरात सांगत, की तो पोटात असताना आईने ग्रहणात विळी हातात घेतली. आम्ही सगळे तेच मानत होतो. शेजारपाजारी विचारलं तर विषय बदलत होतो. वसंताची मला कधी लाज वाटली नाही, देवाशपथ. पण आम्ही त्याच्याबद्दल गप्प बसायचो, त्याची वाटते.

* * *

तात्या मला बाळंतपणाला न्यायला आले. बरोबर वसंता. नेमका सोमवार. दवाखान्यापुढे गर्दी, हे भिंतीपाशी, हातात खडू. तात्या धोतर सावरत कट्ट्यावर बसले, जावयाचं भाषण ऐकायला. वसंता त्यांच्या शेजारी. त्याला चित्रं आवडतात, तो भिंतीकडे एकटक बघत होता.

हे सांगत होते, "पिढ्यान्‌पिढ्या तेच तेच रक्त फिरलं की वासरं आंधळी निपजतात, लुळी निपजतात, बहि..."

आणि थांबले. वसंता समोरच होता.

गणपतआबा बाजारापासून जरा गप्प असायचे, पण मुद्दा सोडणारे नव्हते. त्यांनी यांच्याकडे बघितलं, वसंताकडे बघितलं. आवाज अजिबात न चढवता विचारलं, "डॉक्टर, तुमची मंडळी तुमची कोन लागती?"

यांच्या आधी तात्याच बोलले. छाती पुढे काढून. "माझी लेक हाय. मी त्याचा सख्खा मामा. तीन पिढ्या आमी घराबाहेर पाऊल टाकलं न्हाई."

झरोक्यातून मला यांची पाठ दिसत होती. वाटलं, आता हे काही तरी हसण्यावारी नेतील. हे वळले आणि भिंतीवर वळूच्या चित्राशेजारी माणसं काढायला लागले. आजोबा, आजी. तात्या, आई. आत्या. स्वतः. मी. रेघा एकमेकींत गुंतत गेल्या.

"मला ठाऊक नव्हतं असं नाही," हे म्हणाले. "परीक्षेत लिहून आलो होतो. आई म्हणाली मामाची पोरगी कर, मी हो म्हणालो. बायकोत काही उणं नाही, तिच्यासारखी मला मिळाली नसती. आणि एकदा असं लग्न झालं म्हणजे काही होतंच असंही नाही, बहुतेकांची पोरं धडधाकट होतात. पण आमच्यात पुन्हा पुन्हा झालंय. आता माझ्या घरी पाळणा हलणार आहे आणि मला भीती वाटते. तुम्हाला शिकवायची मला लाज वाटते. पण शिकवलं नाही तर जास्त वाटेल."

 सगळे वसंताकडे बघत होते. त्याला वाटलं, आपली ओळख करून दिली. त्याने उठून सगळ्यांना हात जोडले.

तात्या तसेच उठून मागच्या दाराने आत आले. मला म्हणाले, "पिशवी घे." वाईपर्यंतच्या गाड्यांत आम्ही तिघं बसलो होतो, आणि वसंता सोडून कुणी खिडकीबाहेरसुद्धा बघितलं नाही.

घरी आई चुलीपुढे होती. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं, "आई, ग्रहणाचं काही नव्हतं. तुझी चूक नव्हती."

आईने जाळ सारखा केला. मग म्हणाली, "मला विळी घेतल्याचं आठवतच नव्हतं गं. समदी म्हणाली, म्हणून मी व्हय म्हणत आले."

* * *

पुढचा किस्सा मी बघितला नाही. बारशाला आलेल्या यांनी सांगितला तसा सांगते. हो, मुलगी झाली. गोरी, केसाळ, हातपाय झाडणारी. तात्या बारशापर्यंत यांच्याशी बोलले नाहीत, आणि बारशाला बोलले ते एवढंच, "चहा घेता का?"

तर त्या सोमवारनंतर गणपतआबा यांच्याकडे आले. म्हणाले, "राजाला खच्ची करायचा न्हाई. विकायचा न्हाई. देवाचा हाय. पर लेक देतो तसा दुसऱ्या गावाला दिला तर?"

यांनी शोधून काढलं एक गाव, तिकडे खानापूरच्या बाजूला, लांब. तिथेही भैरोबा, तिथेही सोडलेला वळू, आणि तिथेही तीच रड. दोन्ही वळूंचं रक्त तपासून घेतलं, रोग नाही बघितलं, आणि अदलाबदल ठरली. आमचा राजा तिकडे, त्यांचा इकडे. काही वर्षांनी पुन्हा बदलायचे.

सांगताना यांना हसू आवरत नव्हतं. गावाने राजाची पाठवणी केली. शिंगांना बेगड, अंगावर झूल, पुढे हलगी. बायकांनी ओवाळलं, हळद लावली. आबा टेम्पोपाशी राजाच्या गळ्यात पडून रडले. समोरच्या गावच्या माणसाने विचारलं, "वळू गरीब हाय ना?"

आबा डोळे पुसत म्हणाले, "गरीब हाय. पर सांडगं लय आवडत्यात त्येला."

* * *

आणि आता शेवटचा.

मी मुलीला घेऊन परत गावी आले. आत्या सोबतीला आल्या. मुलगी दूध प्यायची, हसायची, वाढत होती. पण एक गोष्ट घरात कुणीच करत नव्हतं. तिला ऐकू येतं का, हे कुणी बघत नव्हतं. आवाज झाला की ती दचकल्यासारखी वाटायची, आणि लगेच मनात यायचं, पाळणा हलला म्हणून दचकली असेल. नको बघायला. आज नको.

एका दुपारी आत्या बाहेर निवडण घेऊन बसलेल्या. मी खोलीत गेले तर हे पाळण्याच्या मागे उभे, एका हातात ताट, दुसऱ्या हातात पळी.

"काय करताय?"

"ताट पुसतोय."

लग्न झाल्यापासून या माणसाने कधी ताट पुसलेलं नव्हतं. मी काही बोलले नाही, कारण माझ्याही हातात डबा आणि लाटणं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. यांनी ताट फडताळात ठेवलं, मी लाटणं पदराखाली घेतलं, आणि कुणीच काही वाजवलं नाही. एवढी शिकलेली दोन माणसं, आणि स्वतःच्या लेकीच्या मागे उभं राहून एक ताट वाजवायची छाती झाली नाही.

तेवढ्यात दारात गणपतआबा. हातात फडक्यात गुंडाळलेलं काही तरी.

"राजाच्या गळ्यातली घाट हाय," ते म्हणाले. घाट म्हणजे घंटा. "जाताना काढून घेतली. देवाची हाय. पोरीवरनं ववाळून न्यावी म्हटलं."

ते आत आले. पाळण्याच्या पुढे नाही, मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. फडकं सोडलं. आमच्या दोघांकडे एकदा बघितलं. आम्हाला नको म्हणायचं होतं, तोवर आबांनी घाट वाजवली. मोठ्याने नाही. राजा लांबून चालत येताना वाजायची, तशी.

पोरीने हातपाय झाडायचं थांबवलं. मग मान पूर्ण वळवली, आणि कुठून वाजतंय ते शोधायला लागली.

हे उंबऱ्यात मटकन बसले आणि टॉवेलात तोंड घातलं.  आत्या सूप टाकून आत धावल्या, पोरीला उचललं, कानशिलावर बोटं मोडली, मुके घेतले. रडत होत्या, हसत होत्या.

"ऐकू येतंय गं बाई, ऐकू येतंय! भैरोबा पावला!" पोरीला छातीशी धरून त्या आबांकडे वळल्या. "आता तुमच्या देखतच सांगती. ठरलं. ही आमच्या शालनच्या संजूची बायकू. माझ्या लेकीचा ल्योक, माझ्या ल्योकाची लेक. घरातली पोरगी घरातच ऱ्हाईल."

आबांनी घाट पुन्हा फडक्यात गुंडाळायला घेतली होती. त्यांचे हात थांबले.

"आक्का," ते म्हणाले, "मग माझा राजा कशापायी घालवला आमी?"